हॅलोआत्या आणि जादाचे पैसे

माझ्या आत्याला सगळे हॅलोआत्या म्हणायचे. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती, आणि घरी कुणी नुसती हाक मारली तरी तिच्या तोंडून आधी "हॅलो" निघायचं. आवाज असा खणखणीत, की ती खालच्या मजल्यावर बोलायला लागली की वर आम्ही रेडिओ बंद करायचो. दोघांचं एकदम ऐकणं शक्य नव्हतं.

तिची नजर तरुणपणीच जायला लागली होती. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग बोगद्यातून बघावं तसं फक्त समोरचं उरलं, आणि चाळिशी उलटल्यावर तेही गेलं. डॉक्टरांनी हात टेकले. हॉस्पिटलने तिला घरी बसवायचं ठरवलं, तेव्हा ती भिंतीला हात लावत लावत मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "फोन मी कानाने घेते. तुम्ही काय डोळ्याने घेता?" नोकरी राहिली, ती निवृत्तीपर्यंत.

सिनेमाचं वेड तिला लहानपणापासून. डोळे गेले तरी ते गेलं नाही. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, लिफ्टचे मेकॅनिक होते. सुट्टीच्या दिवशी ते तिला थिएटरात घेऊन जायचे आणि शेजारी बसून काय दिसतंय ते कानात सांगायचे. पण काकांना मुळात शब्दांचंच वावडं.

"आता काय चाललंय हो?"

"तो निघाला."

"कुठे?"

"तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"अगं, दाराकडे. थांब जरा, मला बघू तर दे."

पुढच्या रांगेतून कुणीतरी "शूऽऽ" करायचं. मग आत्या पुढे वाकून ऐकवायची, "तिकीट आम्हीही काढलंय."

काका अचानक गेले. सकाळी पायऱ्यांवर बसून बूट घालत होते, ते तिथेच कलंडले. त्यानंतर आत्याचं थिएटर सुटलं. मी किंवा बाबा घेऊन जातो म्हटलं तर म्हणायची, "नको. तुम्ही चांगलं सांगाल, आणि मला त्यांची आठवण येईल."

तिच्या एका वाढदिवसाला मी डीव्हीडी प्लेअर आणि सोबत एक सिनेमा घेऊन आले. साधी आवृत्ती दुकानात संपली होती म्हणून नाइलाजाने दोन डिस्कची महागाची घेतली. रिमोट माझ्यासाठीही नवा होता. कुठलंतरी भलतंच बटण दाबलं गेलं, आणि सिनेमातले लोक बोलायचे ते एकदम दबक्या आवाजात बोलायला लागले. त्यांच्या वर एक घोगरा माणूस निवांतपणे सांगत होता, "इथे ती जिना उतरते ना, तो जिना खरा नाही. सहाच पायऱ्या बांधल्या होत्या. ती उतरायची, परत चढायची, परत उतरायची. चेहऱ्यावर जो थकवा दिसतोय तो खराखुरा आहे."

"चुकलं वाटतं काहीतरी," म्हणत मी रिमोट उचलला.

"हात लावू नकोस!" आत्या ओरडली.

तो घोगरा माणूस म्हणजे सिनेमाचा दिग्दर्शक. शेवटपर्यंत तो बोलत राहिला. कोण कुठे उभं आहे, कुणी तोंड फिरवलं, खिडकीबाहेर काय आहे, सगळं. आत्या पाठ ताठ करून खुर्चीच्या काठावर बसली होती. सिनेमा संपल्यावर मला वाटलं, तिचे डोळे भरून येतील. पण ती भडकली होती.

"इतकी वर्षं हे कुठे होतं?"

मी सांगितलं की याला कॉमेंट्री म्हणतात, आणि ती फक्त महागाच्या आवृत्तीत मिळते. साध्या डिस्कवर नुसता सिनेमा असतो.

"म्हणजे ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी स्वस्त," ती म्हणाली. "बरं. घेऊ महागाची."

तेव्हापासून आत्या कोपऱ्यावरच्या डिस्कवाल्याची पक्की गिऱ्हाईक झाली. पेन्शन आली की काठी घेऊन दुकानात, आणि पहिला प्रश्न, "कॉमेंट्री आहे का?" डिस्कवाला खोक्याची मागची बाजू वाचून दाखवायचा. बाकीच्या गमतीजमतींशी, म्हणजे गाळलेली दृश्यं, पोस्टरं, नट-नट्यांच्या मुलाखती, तिला देणंघेणं नव्हतं. "तो सगळा ताटाभोवतीचा पसारा," म्हणायची. कॉमेंट्रीतही तिची आवडनिवड ठरलेली होती. नट लोक सगळ्यात वाईट, कारण ते दोघं-तिघं मिळून बसतात आणि नुसते हसतात. कशाला हसले ते सांगत नाहीत. निर्माता स्वतःच्याच आरत्या ओवाळतो. दिग्दर्शक बरा, पण मधेच बालपणात शिरतो. संकलक चांगला. आणि कॅमेरामन मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण त्याला उजेड कुठून येतो हे सांगितल्याशिवाय चैनच पडत नाही.

बाबांना हे अजिबात पटत नव्हतं. बाबा तिचे थोरले भाऊ. साबणाची वडी झिजून पापडी झाली की ती नव्या वडीला चिकटवणारा माणूस. एकदा तिच्या कपाटातल्या डिस्कची चळत बघून त्यांच्याने राहवलं नाही.

"अगं, डोळे नाहीत आणि सिनेमे दुप्पट किमतीचे! लोक हसतील."

"हसू देत. मला कुठे दिसणार आहेत हसताना?"

"चेष्टा सोड. सिनेमा तोच. गाणी तीच. वर कुणीतरी बडबडतं, त्याचे एवढे पैसे?"

"दादा, तू रेडिओवर मॅच ऐकतोस ना?"

"त्याचं काय?"

"नुसता बॅटचा आवाज आणि लोकांचा गलका ऐकवला तर ऐकशील? बडबडणारा काढून टाकला तर?"

बाबा म्हणाले, "रेडिओ फुकट असतो."

"मग तू फुकटात मॅच बघ, मी पैसे देऊन सिनेमा बघते," आत्या म्हणाली. "माझी पेन्शन आहे. डोळे गेलेत, अक्कल नाही गेलेली."

असंच चालू राहिलं असतं, पण एक दिवस डिस्कवाल्याने तिला हाक मारून सांगितलं की अमुक एका जुन्या सिनेमाची खास आवृत्ती आली आहे, आणि खोक्यावर छापलंय, कॅमेरामनची संपूर्ण कॉमेंट्री. आत्या दारातच थांबली. काकांबरोबर थिएटरात पाहिलेला तिचा शेवटचा सिनेमा तोच होता. किंमत विचारलीच नाही तिने.

संध्याकाळी आम्ही तिघं बसलो, मी, आत्या आणि "सहज आलोय" म्हणणारे बाबा. पहिली डिस्क लावली. सिनेमा होता, कॉमेंट्री नव्हती. दुसरी लावली. जाहिरात, काही फोटो, एका गाण्याचे नुसते शब्द. मी सगळी बटणं दाबून पाहिली. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेली कॉमेंट्री डिस्कवर कुठेच नव्हती.

"झालं!" बाबा म्हणाले. "मी सांगत होतो."

"तू काही निराळंच सांगत होतास," आत्या म्हणाली. "तू म्हणत होतास, ती घेऊ नये. हे म्हणताहेत, पैसे घेऊ पण देणार नाही. दोन वेगळे गुन्हे आहेत."

दुसऱ्या दिवशी ती डिस्कवाल्याकडे गेली. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मावशी, खोकं बंद येतं, बंद जातं. आत काय आहे ते मी कसं बघणार? आणि सिनेमा तर लागतोय ना?"

"साड्यांच्या दुकानात साडी घेतली आणि घरी उघडल्यावर अर्धीच निघाली, तर तो म्हणेल का, नेसता तर येतेय ना?"

डिस्कवाल्याने निमूटपणे खोक्यावरचा कंपनीचा फोन नंबर वाचून दाखवला. त्याला वाटलं, सुटलो. कंपनीचं काय होणार आहे याची त्याला कल्पना नव्हती. जन्मभर एक्स्चेंजवर काढलेल्या बाईच्या हाती त्याने फोन नंबर दिला होता.

आत्याने लोकांना "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं इतकी वर्षं सांगितलं होतं, की ते ऐकल्यावर साहेब नक्की कुठे असतात हे तिला माहीत होतं. तिने कंपनीच्या ऑपरेटर मुलीला सांगितलं, "बाळा, मीही तुझ्याच खुर्चीवर बसून म्हातारी झाले. मीटिंग संपेपर्यंत मी लाइनवर थांबते. संगीत वाजव." आणि खरंच थांबली. स्पीकर चालू ठेवून तिने निम्मं स्वेटर विणून काढलं. शेवटी कुणीतरी मॅनेजर आला. त्याचा आवाज गोड होता. असा आवाज ऐकला की आत्या कान टवकारायची.

"मॅडम, गैरसमज होतोय. दुसरी डिस्क ही आमच्याकडून रसिकांना भेट असते. भेटीत एखादी गोष्ट कमीजास्त—"

"भेट असेल तर पैसे कशाचे?"

"अं?"

"साधी डिस्क एवढ्याला, ही जवळजवळ दुप्पट. ही भेट कुठली? ही विकत दिलेली वस्तू. आणि वस्तू आत नाही."

मॅनेजर म्हणाला, "जादा किंमत मुख्यतः पॅकिंगची असते."

"मी खोकं वाजवून बघते," आत्या म्हणाली. "नाही हो, काही सांगत नाही ते."

मी तोंडावर हात दाबून बसले होते. मॅनेजर बहुतेक वैतागला, आणि वैतागल्यावर माणसं खरं बोलतात. कॉमेंट्री रेकॉर्ड केली होती, तो म्हणाला, पण शेवटच्या क्षणी काढून टाकली. खोकी आधीच छापून झाली होती. का काढली? कारण कंटाळवाणी होती. म्हातारा कॅमेरामन किस्सेच सांगेना. पडद्यावर जे दिसतंय तेच सांगत बसला होता. आता ती खिडकीशी आली, उजेड डावीकडून आहे, आता तिने मान वळवली. "मॅडम, प्रेक्षकांना ते दिसतंच ना! कोण ऐकणार?"

आत्याने विणकाम खाली ठेवलं.

"मी," ती म्हणाली. "मी ऐकणार. मला दिसत नाही. कळलं? मला ती टेप पाठवा."

ते कंपनीच्या धोरणात बसत नव्हतं. पैसे परत करतो म्हणाला. तिने नको म्हणून सांगितलं. "पैसे हवे असते तर साधी डिस्क घेतली असती." फोन बंद व्हायच्या आधी तिने स्पीकर बंद केला आणि पुन्हा ऑपरेटर मुलगी मागितली. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पण एक-दोन दिवसांनी त्या मुलीने स्वतःहून फोन केला. तिने आधी त्या म्हाताऱ्या कॅमेरामनला विचारलं होतं, आणि मगच त्याचा नंबर आत्याला दिला.

कॅमेरामन फणसासारखा निघाला, पण बाहेरूनच जास्त. "कोण? कशाला? त्या लोकांनी मला बेचव म्हटलं. माझ्या तोंडावर. आता काय पाहिजे?"

"बेचवच पाहिजे," आत्या म्हणाली. "मीठमसाला लावून सांगणारे रग्गड भेटले. मला जे दिसतं तेवढंच सांगणारा पाहिजे."

पलीकडून आवाज आला, "टीव्ही किती मोठा आहे?"

"मला काय माहीत? भाचीला विचारते."

तो एका रविवारी दुपारी आला. उंच, वाकलेला, खांद्यावर शाल, हातात छत्री. त्याने आल्या आल्या खिडकीचे पडदे ओढले, टीव्हीचा रंग कमी केला, "हिरवा फार आहे" म्हणाला आणि आत्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. बाबा आले होते. डिस्कवाला दुकान बंद करून आला होता, थोडा शरमेने आणि बराचसा उत्सुकतेने. मी टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला. आत्याने मला आधीच बजावलं होतं.

त्याने सुरुवात केली आणि आम्हाला कळलं, कंपनीला का आवडलं नसेल. किस्सा नाही, विनोद नाही, कुणाचं नाव नाही. "पहाट. पाणी दिसत नाही, धुकं आहे. एक धक्का, लाकडी. त्यावर बाई उभी आहे, पाठमोरी. केस ओले आहेत." एवढंच. वाक्य संपलं की गप्प. पुढचं काही घडलं की पुढचं वाक्य. मधे आत्या विचारायची, "साडी कुठली?" तो म्हणायचा, "राखाडी. निळी होती, पण धुक्यात राखाडी दिसते." एका ठिकाणी नायिकेचा चेहरा काळोखात जातो. तिथे तो थोडा हसला. "यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. म्हणे, मनातला अंधार. दिवा गेला होता. दुसरा आणायला गेलेला माणूस जेवायला बसला."

डिस्कवाला हसला. बाबाही हसले, आणि आपण हसलो हे लक्षात आल्यावर खोकले.

शेवटचं दृश्य आलं. त्यात एक शब्दही बोलला जात नाही. नुसती बासरी आणि लाँचच्या इंजिनाचा आवाज.

"लाँच धक्क्याला लागली आहे," कॅमेरामन म्हणाला. "तो चढला. तिच्याकडे हात पुढे केला आहे. ती हात बघते. दोर सुटला. लाँच निघाली. ती धक्क्यावरच आहे. लाँच लहान होत चालली. ती वळली. आता ती गावाकडे चालली आहे. कॅमेऱ्याकडे तोंड आहे. रडत नाही."

"काय?" आत्या म्हणाली.

"रडत नाही. चालतेय."

"ती लाँचमध्ये चढली ना? त्याच्याबरोबर?"

"नाही हो. कधीच नाही. तोच तर सिनेमा आहे."

आत्याने मान माझ्याकडे वळवली, मग बाबांच्या दिशेने. "दादा, खरं सांग. ती राहते?"

"राहते," बाबा म्हणाले.

"मला आमच्या यांनी सांगितलं होतं की ती चढली. कानात सांगितलं, 'चढली. दोघं निघाले.' मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या थिएटरात. लोक काय म्हणाले असतील!"

कॅमेरामनने छत्री या हातातून त्या हातात घेतली. बाबा हळूच म्हणाले, "तेव्हा तुझी उरलीसुरली नजरही गेली होती. तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला असेल बिचारा."

"मला वाईट वाटायचं की नाही ते मी ठरवणार ना?" तिचा आवाज चढला. "ती बाई आपल्या पायांनी मागे फिरली, आणि मी इतकी वर्षं तिला त्याच्या होडीत बसवून ठेवलं! गोड करून सांगायला मी काय तापातली पोर आहे?" ती उठली, कपाटापर्यंत गेली, परत आली. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि एकदम हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. "लिफ्टवाला माणूस. दार लागायच्या आत सगळ्यांना आत घ्यायची सवय. बाहेर कुणी राहिलेलं त्याला बघवायचंच नाही."

मग ती खाली बसली आणि कॅमेरामनला म्हणाली, "शेवट परत लावा. परत सांगा. सावकाश." त्याने परत सांगितला. ती बाई परत धक्क्यावरून वळली आणि गावाकडे चालू लागली. आत्या बासरी संपेपर्यंत ऐकत राहिली.

मी त्या टेपच्या प्रती काढल्या. आत्याने त्या अंध मंडळाच्या वाचनालयाला दिल्या. तिथून आणखी लोकांनी मागून घेतल्या. त्यात मधेच बाबांचा खोकला आहे, बाहेरून गेलेल्या टेम्पोचा भोंगा आहे, आणि आत्याचं "साडी कुठली?" आहे. कुणी तक्रार केली नाही. कॅमेरामन त्यानंतर आणखी काही रविवार आला, आपले बाकीचे सिनेमे घेऊन. त्याचं असं म्हणणं होतं की इतकं लक्ष देऊन त्याचं काम कुणी कधी पाहिलं नव्हतं.

कंपनीने मात्र जे केलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. पुढच्या खेपेला तोच सिनेमा पुन्हा बाजारात आला. किंमत तीच, डिस्क दोनच. खोक्यावरची कॉमेंट्रीची ओळ तेवढी काढून टाकली होती. डिस्कवाल्याने ते वाचून दाखवलं, तेव्हा आत्या म्हणाली, "पाहिलंस? चूक सुधारली त्यांनी." आणि तिथल्या तिथे दुकानातला फोन मागितला.

पुढे डिस्कचा जमानाच संपला. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. सिनेमे टीव्हीत सरळ घरी येतात, महिन्याचे पैसे भरून. काहींना चित्र सांगणारा आवाज असतो, बहुतेकांना नसतो. ज्यांना नसतो त्या कंपन्यांना आत्या फोन करते. आता पलीकडे मुलगी नसते, यंत्र असतं. अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन. तिला यंत्राचा राग येत नाही. ती शांतपणे आकडे दाबत बसते, कारण शेवटी कुठेतरी एक माणूस बसवावाच लागतो, असं तिचं म्हणणं आहे.

बाबांचं मत बदललं नाही. अजूनही ते म्हणतात, "शंभरातल्या नव्वद डिस्कवर नुसता कचरा होता, हे तूही कबूल करशील."

"कबूल," आत्या म्हणते. "नव्वद कसल्या, पंच्याण्णव. पण तो कचरा आहे हे मी माझ्या पैशाने, माझ्या कानाने ठरवलं. तू नाही, आणि त्या गोड आवाजाच्या मॅनेजरनेही नाही."

परवा बाबा खाली आले तेव्हा ती फोनवर होती. त्यांना खुणेने बसायला सांगून ती फोनमध्ये म्हणाली, "हो हो, थांबते मी. तुमची मीटिंग होऊ द्या निवांत." आणि विणकाम मांडीवर ओढलं.